माझ्या ग्लासावरची कवटी

माझ्या पाण्याच्या ग्लासावर कवटी चिकटवली होती.

छापील कवटी. काळी. खाली दोन हाडं, एकावर एक तिरकी. विषारी मालाच्या पिंपांवर लावतात ते लेबल. आमच्या ऑफिसात असल्या लेबलांची भेंडोळी टेबलाखाली पडलेली असायची. पेटणारा माल, कातडी जाळणारा माल, विषारी माल. प्रत्येकाचं चित्र वेगळं. हमालाला वाचता येवो न येवो, चित्र बघून त्यानं हात मागं घेतला पाहिजे.

माझा ग्लास स्टीलचा होता, घरून आणलेला. तो माठाजवळ ठेवायचा नाही, पलीकडच्या खिडकीत ठेवायचा, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या सकाळी मी ग्लास उचलला, लेबल बघितलं आणि मागं वळले.

सगळे कामात होते. त्या ऑफिसात एवढं काम एकदम मी कधी बघितलं नव्हतं. हेडक्लार्कचं तोंड कागदात होतं आणि खांदे हलत होते.

साहेब केबिनच्या दारात आला. साहेब म्हणते ते सवयीनं. त्यात आदर शोधू नका.

"काय झालं?" त्यानं विचारलं. काही माहीत नसल्यासारखं.

"काही नाही साहेब," हेडक्लार्क म्हणाला. "हॅझार्डस कार्गो आहे. रूलप्रमाणे लेबल लावलं."

"करेक्ट. आणि सेग्रिगेशन?"

"केलंय ना साहेब. माठ इकडे, ती तिकडे."

मग ऑफिस हसलं. मोकळं हसलं. शिपाई हसला. काशिनाथ हसला. काशिनाथ माझ्या गावचा.

सेग्रिगेशन म्हणजे एक माल दुसऱ्या मालापासून लांब ठेवणं. ॲसिडची पिंपं नि धान्याची पोती जहाजात शेजारी ठेवत नाहीत. त्याचे कायदे असतात, किती लांब, मध्ये किती भिंती. माझ्या पणजोबाला गावानं जे केलं त्याला ह्या लोकांनी इंग्रजी शब्द शोधला होता. टाय लावून बोलायचा शब्द. शिकलेली माणसं. मुंबईच्या फोर्टातल्या ऑफिसातून आलेली. रोज सकाळी देवाच्या फोटोला हार घालून लिफाफे फोडणारी.

मी रडले नाही. मला जागच्या जागी उभं राहता येत होतं, तेवढंच मी केलं.

आमचं गाव खाडीकाठाला, उरणच्या बाजूचं. गावाच्या शेवटाला आमचा बौद्धवाडा. आई नि बा दोघंही मिठागरावर कामाला. दिवसभर खाऱ्या पाण्यात पाय. आईच्या टाचांच्या भेगांत मीठ जायचं आणि ती संध्याकाळी टाचा कोमट पाण्यात धरून बसायची, तेव्हा आम्ही तिच्याशी बोलायचो नाही. तिच्यानं बोलवायचं नाही.

जमीन म्हणावी अशी आमची एकच. जुन्या वतनातला तुकडा, बांधाच्या बाहेरचा. उधाणाला पाणी आत शिरायचं. भात लावला की कुजायचा. म्हणून तर तो आमच्याकडे राहिला. पिकला असता तर कधीच कुणीतरी आपला करून टाकला असता.

मग बंदर येणार म्हणून मोजणीवाले आले. नकाशावर आमच्या भागाचं नाव नवी मुंबई झालं होतं. आमच्या वाड्यात तेव्हा नळ नव्हता, पण शहर झालो होतो. मोजणीच्या साखळीला पिकाऊ जमीन नि कुजकी जमीन सारखीच. काशिनाथच्या घरची भाताची खाचरं गेली, त्यांचं मोठं घर, चांगली जमीन. आमचा तुकडाही गेला. मोर्चे निघाले तेव्हा काशिनाथचा बाप नि माझा बा एकाच रांगेत चालत होते. पोलिसांची काठी दोघांच्याही पाठीवर पडली. दोघांनी एकमेकाला चुना नि हळद लावली. मी स्वतः बघितलं. त्या आठवड्यात गावात कुणी कुणाला लांब ठेवलं नाही. पाठीचे वळ उतरले तसं तेही उतरलं.

बंदराचं काम चाललेलं असतानाच आजूबाजूला गोडाऊनं उभी राहिली. मुंबईच्या गोदीतला माल ट्रकनं इकडे आणून ठेवायला लागले. अशाच एका कंपनीनं आमच्या बाजूला शेड घेतली. जहाजाचा माल सोडवायचा, भरायचा, कस्टमची कागदपत्रं करायची, हा तिचा धंदा. जागा मिळवताना कंपनीला कबूल करावं लागलं की ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातली काही माणसं कामावर घेऊ. काशिनाथला घेतलं. तो शेडमध्ये माल मोजायचा, पेट्या उतरताना खडूनं रेघा मारायचा. आणि मला घेतलं, कारण मी मॅट्रिक होते आणि पनवेलला जाऊन टायपिंग शिकले होते.

मुलाखत त्याच साहेबानं घेतली. माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट त्यानं उजेडात धरलं, खोटी नोट धरतात तसं. मग हेडक्लार्ककडे बघून म्हणाला, "सेड टू कंटेन."

दोघं हसले. मी टेबलासमोर उभी. मला बस म्हटलेलं नव्हतं.

मला अर्थ कळला तो पुढं काही दिवसांनी, जहाज कंपनीच्या पावतीवर तेच शब्द टाइप करताना. बंद पेटी घेताना जहाजवाला लिहितो, सेड टू कंटेन. आत अमुक माल आहे असं देणारा म्हणतो. आम्ही उघडून बघितलेलं नाही. आम्हाला धरू नका. म्हणजे मी मॅट्रिक आहे असं मी म्हणत होते. आत काय आहे देव जाणे.

त्या धंद्याचे शब्द मी असे शिकले. आधी तोंडावर फेकलेले, मग अर्थ.

डेड फ्रेट हा असाच. व्यापारी जहाजात जागा ठरवतो, मग त्याचा माल येतच नाही. जागा रिकामी जाते, भाडं मात्र भरावं लागतं. ते डेड फ्रेट. साहेब फोर्टाच्या ऑफिसशी फोनवर बोलायचा, मोठ्यानं, माझ्याकडे बघत. "नाही हो, स्टाफ कुठं पुरतोय. दोन खुर्च्या तर डेड फ्रेट आहेत." दोन खुर्च्या म्हणजे मी नि काशिनाथ. हे काशिनाथलाही कळायचं. तो खाली बघायचा आणि खडू शोधायचा. पण दुपारी तहान लागली की तो सरळ माठाकडे जायचा, माठावरचा ग्लास बुडवायचा आणि गटागटा प्यायचा. डेड फ्रेटमध्येही प्रतवारी होती.

मला शिपाई वरून पाणी ओतायचा. माझा ग्लास खाली धरायचा, त्याचा हात वर. धार अंगावर उडायची. हे सगळं न बोलता चालायचं. कुणी कधी जात विचारली नाही. एवढे ते सुधारलेले. माझं आडनाव विचारलं, बौद्धवाड्यातली का म्हणून विचारलं, आणि पुढचं सगळं आपोआप झालं. असल्या लोकांना नियम सांगावे लागत नाहीत. त्यांच्या आयांनी भरवलेले असतात.

कवटी लागली त्याच्या आदल्या दिवशी एक गोष्ट झाली होती.

मे महिना. लाइट गेलेली. पत्र्याच्या शेडमधून कागद घेऊन मी ऑफिसात आले तर घशात थुंकी उरली नव्हती. शिपाई जागेवर नव्हता. माझा ग्लास खिडकीत नव्हता, कुणीतरी त्यात टाचण्या भरून टेबलावर ठेवला होता. मी माठापाशी गेले. माठावरचा ग्लास घेतला, बुडवला आणि प्यायले. दुसऱ्यांदा बुडवला, पुन्हा प्यायले. पाणी थंड होतं. एवढंच मला त्या वेळी कळत होतं. पाणी थंड आहे.

मागं टाइपरायटर थांबला.

मी जागेवर येऊन बसले. थोड्या वेळानं शिपाई आला, हेडक्लार्कनं त्याला भुवईनं काहीतरी सांगितलं. शिपायानं माठ उचलला, बाहेर नेला आणि पायरीखाली मातीत पालथा केला. भरलेला माठ. आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं. शेडमधले हमाल डोक्याला ओलं फडकं बांधता यावं म्हणून टँकरच्या गळक्या नळाखाली रांग लावायचे. त्यांच्या डोळ्यादेखत अख्खा माठ मातीत गेला. मातीनं ते पाणी लगेच पिऊन टाकलं. तिला काही झालं नाही.

ह्याचं उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी कवटी.

मी ते लेबल काढलं नाही. आधी एका कोपऱ्याला नख लावलं. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना नेमकं तेच बघायचंय. मी कोपऱ्यात उभी राहून नखानं कवटी खरवडतेय. त्यासाठी सगळे वाट बघतायत.

मी शिपायाला म्हणाले, "पाणी."

त्यानं वरून ओतलं. मी ऑफिसच्या मधोमध उभी राहून प्यायले. सावकाश. कवटी त्यांच्याकडे करून. रिकामा ग्लास माझ्या टेबलावर, टाइपरायटरच्या शेजारी ठेवला. खिडकीत परत नेला नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. जोक शिळा झाला. हसणं थांबलं. मग त्यांना राग यायला लागला. हेडक्लार्क एकदा म्हणाला, "अगं काढ की ते आता. किती दिवस मिरवणार?" मिरवणार म्हणाला. त्यानं लावलेलं मी मिरवत होते.

मी म्हणाले, "ज्यानं लावलं त्यानं काढावं."

त्या ऑफिसात मी बोललेलं ते पहिलं वाक्य, ज्याच्या शेवटी साहेब किंवा सर नव्हतं.

त्यातच सर्व्हेयर आला. रसायनांची पिंपं परदेशी जायची होती, ती नीट भरलीत का, लेबलं बरोबर लागलीत का, हे तपासणारा माणूस. तो सही करेपर्यंत माल हलत नाही. साहेबानं त्याच्यासाठी थंड बाटल्या मागवल्या, खुर्ची स्वतः पुसली. सर्व्हेयर शेड बघून ऑफिसात आला आणि माझ्या टेबलापाशी थांबला.

"हे काय?"

साहेब हसला. "मुलांची मस्करी हो. ए, काढ ते."

मी टाइप करत राहिले. मग थांबले आणि म्हणाले, "मी नाही लावलं. हेडक्लार्कनी लावलंय. मी माठातलं पाणी प्यायले म्हणून."

त्या माणसाकडे मी बघत होते. खरं सांगते, मला आशा वाटली. परका होता, मोठा होता, पांढरे केस होते. त्यानं ग्लास हातात घेतला, फिरवून बघितला. मग साहेबाला म्हणाला,

"हे लेबल असं वापरायचं नसतं. हिशेबात घ्यावं लागतं. नुसतं वाया घालवू नका."

आणि केबिनमध्ये जाऊन बाटली प्यायला.

लेबल वाया गेलं. त्याला हे दिसलं. आशा वाटून घ्यायची माझी सवय त्या दुपारी सुटली. बरं झालं. लवकर सुटली.

सर्व्हेयर गेल्यावर साहेबानं मला आत बोलावलं. बाहेरच्या माणसासमोर ऑफिसची बदनामी केली म्हणून माफीनामा लिहून दे. मस्करी होती, माझा गैरसमज झाला, असं लिही. नाहीतर घरी बस.

"नाही लिहिणार," मी म्हणाले.

"विचार कर. तुला कोण उभं करणार आहे दुसरीकडे?"

"विचार केलाय."

त्यानं मला दोन दिवस दिले. दया म्हणून दिले, असं तो म्हणाला.

संध्याकाळी काशिनाथ आमच्या घरी आला. घरी म्हणजे अंगणात. ओटीवर चढला नाही. आईनं चहा विचारला, तर म्हणाला, नुकताच झाला. त्याचा चहा आमच्याकडे नेहमी नुकताच झालेला असायचा.

तो बाशी बोलला, माझ्याशी नाही. "काका, पोरीला समजवा. सायेब बोल्ला, गावची मान्सा डोक्यावर बसतान. आता भरती हाय, अजून दोन-तीन पोरा घेनार व्हते आपल्या गावची. हिच्यापाई ती बी जातील. मस्करी हाय वो. मनाबी बोलतान काय काय. मी घेतो का मनाला?"

मी दारात होते. म्हणाले, "तुझ्या ग्लासावर काय चिकटवलंय काशिनाथ?"

त्यानं बाकडे बघितलं.

"माठ ओतला तेव्हा तू तिथंच होतास."

"माझी पोरा-बाला हायेत," तो म्हणाला आणि निघून गेला.

रात्री जेवताना आई म्हणाली, "तुला काय करायचंय तां कर. पन मिठावं नको येऊस." एवढंच. मिठावर नको येऊस. बानं ताट सारलं आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी शेडमधून परत आले तर केबिनच्या बाहेर बा उभा होता.

धुतलेला सदरा घातला होता. टोपी हातात. चपला पायरीखाली काढून आलेला. तिथं सगळे बूट घालून फिरायचे आणि माझा बा फरशीवर अनवाणी उभा. मी त्याला यायला सांगितलं नव्हतं. तो मला न सांगता, मिठागराचा खाडा करून, चालत आला होता.

केबिनचं दार उघडं होतं. साहेब आतून बोलत होता, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"अरे, बोल ना, कशाला आलायस?"

"सायेब, पोर लहान हाय. चुकली. मी मापी मांगतो." बानं हात जोडले. टोपी जोडलेल्या हातांत चुरगळली. "तिला कामावं ठेवा. मी तिच्या वतीनं पाया परतो."

आणि तो वाकायला लागला.

साहेब हेडक्लार्कला म्हणाला, "बघा, कन्साइनी आला. माल घेऊन जायला." मग बाला, "तसं नाही बाबा. ज्याचा माल त्यानं उचलला की आमची जबाबदारी संपली. घेऊन जा हिला. आणि पोरीला जरा रीत शिकव."

कन्साइनी म्हणजे ज्याच्या नावावर माल येतो तो. ज्यानं येऊन आपली पेटी सोडवून न्यायची असते तो. बाला शब्द कळला नाही. तो वाकलेला तसाच वर बघून हसला. साहेब हसतोय म्हणून हसला. काहीतरी बरं बोलला असेल, असं त्याला वाटलं.

ते हसू मी बघितलं.

त्या क्षणापर्यंत मला राग होता, लाज होती, भीतीही होती. हे असं, ते तसं. बाचं ते हसू बघितल्यावर ह्यातलं काहीच उरलं नाही. समोर टाय लावलेला एक माणूस बसलेला होता आणि तो मला इतका क्षुद्र दिसला की मला वाटलं, ह्याला मी घाबरत होते? ह्याला? मिठागरावर गाढवाचं ओझं उतरवणारा माणूससुद्धा आधी गाढवाच्या पाठीवरून हात फिरवतो.

मी आत गेले. पाहुण्यांसाठीची खुर्ची होती, गादीची, सर्व्हेयर बसला होता ती. मी ती ओढली, बाचा दंड धरला आणि म्हणाले, "बा, बस."

"नको गं."

"बस."

तो बसला. खुर्चीच्या कडेवर, पडतोय की काय असा.

साहेब म्हणाला, "उठव त्याला."

"उठणार नाही."

"ही माझी केबिन आहे."

"हो. आणि हा माझा बाप आहे. ह्या शेडच्या पलीकडची जमीन त्याची होती, ती गेली. तुम्ही इथं बसलात ते आमच्यासारख्यांच्या जमिनी गेल्या म्हणून. तो बसेल."

बाहेर टाइपरायटर थांबलेले. मी माझ्या टेबलावरून ग्लास आणला आणि साहेबाच्या टेबलाच्या काचेवर ठेवला. कवटी त्याच्याकडे.

"हे काढा. तुम्ही नाहीतर हेडक्लार्क. आणि काढल्यावर ह्याच ग्लासानं पाणी प्या, माझ्यासमोर. मस्करी होती ना? मग प्या. नाहीतर मी हा असाच उरणला पोलिसांत घेऊन जाते. पाण्यावरून विटाळ पाळला तर त्याला कायदा आहे. तुमच्या भाषेत सांगायचं तर रूल आहे."

साहेबाचा आवाज एकदम मऊ झाला. "अगं बेटा, बस, शांत हो..." बेटा. मला तेव्हा हसू आलं. एवढे दिवस कार्गो होते, कायदा म्हटल्याबरोबर बेटा झाले.

त्यानं हेडक्लार्कला बोलावलं. हेडक्लार्क आला, त्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालानं ग्लास धरला. ग्लासाला बोट लागू नये म्हणून. सगळ्यांसमोर. त्याला ते कळलंही नाही. नखानं एक कोपरा उचकटला, लेबल मधूनच फाटलं. हाडं राहिली, कवटी आली. "झालं," तो म्हणाला.

"पाणी," मी म्हणाले.

शिपायानं ओतलं. ग्लास टेबलावर राहिला. हेडक्लार्कनं साहेबाकडे बघितलं, साहेबानं फोनकडे. भर मे महिना, दोघांच्या कपाळावर घाम. एक घोट पाणी. त्यांची नोकरी जाणार नव्हती, त्यांचं काहीच जाणार नव्हतं. पण दोघांचे हात उठले नाहीत. पोलीस चालेल, कोर्ट चालेल, पण हे पाणी नाही.

मला जे बघायचं होतं ते बघून झालं. त्यांनाही त्यांचं दिसलं असेल, तर असो.

"चल बा," मी म्हणाले.

बाहेर पायरीवर बा चपला घालत होता. वाकलेला असतानाच त्यानं विचारलं, "त्यो काय बोल्ला? कन्साई का काय?"

मी सांगितलं. काहीही गुळगुळीत न करता सांगितलं. की त्यानं मला पेटी म्हटलं आणि तू ती उचलायला आलास असं म्हणाला. बानं दुसरी चपल घातली. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली.

"खय हाय ती पोलीस चौकी?" तो म्हणाला. मी सांगितलं नसतं तरी त्याला ठाऊक होती. मोर्च्याच्या वेळी दोन रात्री तिथंच काढल्या होत्या त्यानं. पण विचारलं.

चौकीत हवालदार ग्लास बघून हसला. "ग्लासावर चित्र आहे म्हणून तक्रार?" त्यानं आम्हाला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. आम्ही बसलो. शेवटी साक्षीदार कोण म्हणून विचारलं. मी काशिनाथचं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी शेडमदी व्हतो. मना काय ठावं नाय."

हवालदार बाकडे वळला. "बाबा, तू काय बघितलंस?"

बा उभा राहिला. म्हणाला, "मी मापी मांगली सायबाची. ती परत घेयाला आलोय. तां लिवा."

"माफी परत घेता येत नाही."

"तुमी लिवा."

"अरे बाबा, असं कलमच नाही."

"नसू दे. लिवा."

हवालदार कंटाळला. त्यानं पेन उचललं. काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही, पण तो लिहीपर्यंत माझा बा खाली बसला नाही.

केस पुढं गेली नाही. पुरावा नाही, साक्षीदार नाही. साहेबाला फोर्टाच्या ऑफिसात बोलावून घेतलं, वरच्या जागेवर. हेडक्लार्क तसाच राहिला. मला काढता आलं नाही, कारण चौकीत कागद गेला होता आणि गावच्या माणसांचं कंपनीनं कबूल केलेलं होतं. म्हणून मला गेटवर टाकलं. पत्र्याची टपरी, आत येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायचे. ऊन, धूर, ड्रायव्हरांच्या नजरा. आठ दिवसांत पळून जाईल, असा त्यांचा हिशेब होता. मी टपरीत स्टूल मागितलं, दिलं नाही. घरून आणलं आणि बसले.

ऑफिसात मग पाण्याचा कूलर आला. नळाचा, थंडगार. काशिनाथ मला सांगायला गेटवर आला. "बघ, आता समदे एकाच नलाचा पानी पितान. मिटला ना? सोर आता."

मी त्याला म्हणाले, "मिटलं नाही. नळाला ग्लास बुडवावा लागत नाही, एवढंच झालं."

पुढच्या उन्हाळ्यात शेडमधल्या एका हमालाला मुकादमानं कानाखाली मारली. मराठवाड्यातून आलेला, आमच्यातलाच. ऑफिसच्या कूलरचं पाणी बाटलीत भरताना सापडला म्हणून मारली. कूलर स्टाफचा आहे म्हणाला. शिवी दिली ती जातीची दिली. गेटवरून सगळं दिसत होतं. शेडच्या दारात माणसं उभी होती, पुष्कळ. थोड्या वेळानं सगळे आपापल्या पेट्यांकडे वळले. हमाल गाल धरून गेटबाहेर निघाला. गावी जातो म्हणत होता.

मी टपरीतून बाहेर आले. एक ट्रक आत यायचा होता, ड्रायव्हर हॉर्न मारत राहिला. मी फाटक लावून टाकलं.

"कुठं निघालास?" मी त्याला विचारलं.

"कोन साक्ष देनार बाई माज्यासाठी?" तो म्हणाला. "कुनी बघितलं नाय म्हनतेत समदे."

"मी बघितलं. चल."

आता माझी नोकरी राहो नाहीतर जावो. ह्या बंदरात जोवर एकाच्या तरी तोंडावर पाणी बंद होतंय, तोवर त्यांना एक साक्षीदार कायमचा ठेवावा लागेल. मी जाणार नाही. मी विसरणार नाही. मी त्यांना माफ करणार नाही, आणि माझ्या वतीनं कुणी माफी दिली तर तीही परत घेईन.